एकसष्ट नंबरची फरशी

आमचं कॅथेड्रल जमिनीत खचतंय, ही मेक्सिको सिटीत कुणासाठी बातमी नाही. सगळं शहरच जुन्या तळ्याच्या गाळावर बसलंय. रस्ते खचतात, नळ फुटतात, खिडक्या वाकड्या होतात आणि लोक त्या वाकड्या खिडक्यांना पडदे लावून राहतात. कॅथेड्रल सगळ्यात जड, म्हणून ते जास्त खचतं. खरं दुखणं हे, की ते सगळीकडे सारखं खचत नाही. पूर्वेचा कोपरा वर्षाला एवढा, पश्चिमेचा तेवढा. ते मोजणं माझं काम. सोळा वर्षं मी तेच करतोय.

येणारे लोक माना वर करतात. बरोक काळातल्या कारागिरांनी रिकामी जागा म्हणून सोडलेली नाही. पिळाचे खांब, दगडी द्राक्षं, पंख फुटलेली बाळांची डोकी, आणि सगळ्यावर सोन्याचा मुलामा. मी मात्र खाली बघतो. घुमटाच्या मधोमध एक लांबलचक ओळंबा टांगलेला आहे आणि त्याच्या टोकाखाली, मंदिर गेल्या चार शतकांत कुठून कुठे कललं, त्याच्या खुणा आहेत. जमिनीत जागोजाग पितळेचे खिळे आहेत. जिथे फरश्या जुन्या कबरींवर बसवल्यात आणि खाली पोकळी आहे, तिथे आम्ही डबीएवढी यंत्रं बसवली आहेत. फरशी केसभर खाली गेली किंवा वर आली, तरी ती दर पाच मिनिटांनी नोंद घेतात. आमची कचेरी म्हणजे मागच्या बाजूची एक दमट खोली. तिथे मी आणि ओरालिया.

ओरालिया पन्नाशीची, दोन नवरे सोडलेली, जिभेला हाड नसलेली. त्या मार्चमध्ये एका सकाळी तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला.

"रोहेलिओ, तुझ्या एकसष्ट नंबरला नखरे सुचलेत बघ."

एकसष्ट नंबरची फरशी डावीकडच्या एका छोट्या चॅपलमध्ये, प्रार्थनेच्या वेगळ्या दालनात, आहे. ते चॅपल दुरुस्तीसाठी सात वर्षं बंद होतं. लाकडी जाळीचं उंच दार, त्याला कुलूप, आणि किल्ली आमच्याच खोलीत खिळ्याला. पडद्यावरची रेघ महिनाभर सरळ होती. फक्त चार ठिकाणी ती पायरीसारखी खाली उतरली होती आणि पाऊण तासाने तशीच वर चढली होती. चारही गुरुवार. एक वाजून दहा मिनिटं ते दोनला पाच कमी. खोली दर वेळी तेवढीच: तीस नाही, बत्तीस नाही, मिलिमीटरच्या शंभर भागांतले एकतीस भाग.

"यंत्र बिघडलंय," मी म्हणालो.

"गुरुवारचंच बिघडतं? माझा दुसरा नवरा असाच होता."

तळघरातून फरशीखाली जाऊन मी यंत्र बदललं. पुढच्या गुरुवारी पुन्हा एकतीस.

गुरुवारी माझी आई यायची. हे मी तेव्हा जोडलं नाही, कारण ती वर्षानुवर्षं येतच होती. बाराची प्रार्थना संपली की मला टाको आणून द्यायची, फडक्यात गुंडाळलेले, गरम. मग त्याच चॅपलसमोरच्या बाकावर जाऊन बसायची.

तिथेच का, ते सांगायला हवं. आम्ही लहान असताना आई आम्हा दोघांना रविवारी इथे घेऊन यायची. बाहेरच्या चौकात ढोल, धुपाचा धूर, फुगेवाले, मुंगीला शिरायला जागा नाही. आईने बजावून ठेवलं होतं, "हरवलात तर रडत फिरायचं नाही. सरळ आत जायचं, डावीकडचं ते चॅपल, तिथे उभं राहायचं. मी येईपर्यंत हलायचं नाही." तेव्हा ते उघडं असे. मी एकदाही हरवलो नाही. अंपारो, माझी धाकटी बहीण, तीनदा हरवली. तिन्ही वेळा ती तिथे उभी सापडली, डोळे कोरडे, हाताची घडी घालून. आईलाच म्हणायची, "किती उशीर केलास!"

पंच्याऐंशीच्या सप्टेंबरमध्ये भूकंप झाला, तेव्हा अंपारो अठरा वर्षांची होती. सान अँतोनिओ आबादला एका इमारतीत शिवणकाम करायची. गुरुवार होता. सकाळी सात वाजून एकोणीस मिनिटांनी त्या इमारतीचे मजले एकावर एक बसले. मी वीस वर्षांचा होतो, कॉलेजात. पंधरा दिवस मी तिथे हातांनी दगड उपसले. तिच्या शेजारच्या मशीनवर बसणारी मुलगी सापडली. अंपारो सापडली नाही. पायातली चप्पलसुद्धा नाही.

आईने कधीही 'अंपारो गेली' असं म्हटलं नाही. 'अंपारो यायचीय' म्हणायची. आमच्या घराला तडे गेले होते. सरकारने ते पाडायचं ठरवलं आणि आम्हाला पोर्तालेसला यावं लागलं. आईने जुन्या भिंतीवर खडूने नवा पत्ता लिहून ठेवला. पावसाने तो पुसला की पुन्हा जाऊन लिहायची. मग एक दिवस भिंतच राहिली नाही. तेव्हापासून तिचे गुरुवार सुरू झाले. "घरं पडतात," ती म्हणाली होती, "कॅथेड्रल तर कुठे जात नाही ना?"

मी मोजमापाच्या कामात शिरलो तो त्या भूकंपामुळेच. जमीन कशी हलते, किती हलते, ते आकड्यांत पकडता आलं तर भीती कमी होईल असं मला वाटलं होतं.

एप्रिलमध्ये आम्ही कुलूप काढून आत गेलो. धुळीचा जाड थर होता. आमच्या बुटांचे ठसे उमटले. त्याआधीचा एकही नव्हता. ओरालिया बाजूला थांबली, मी फरशीवर उभा राहिलो. मी चौऱ्याऐंशी किलोचा. यंत्राने चौपन्न भाग दाखवले. मग ती उभी राहिली.

"वजन सांग."

"बायकांना वजन विचारतात होय रे? सदुसष्ट. आणि कुठे बोललास तर बघ."

त्रेचाळीस भाग. हिशेब सरळ होता. मी कागदावर गुणाकार करायच्या आधीच ओरालियाने मनात केला होता.

"म्हणजे दर गुरुवारी अठ्ठेचाळीस किलोचं कुणीतरी इथे येऊन उभं राहतं," ती हसत म्हणाली. "हडकुळी पोरगी दिसतेय. खायला घाला तिला कुणीतरी."

मी हसलो नाही. बाजारातल्या औषधाच्या दुकानाबाहेर वजनाचा एक काटा होता. भूकंपाच्या आधीच्या रविवारी अंपारो त्याच्यावर चढली होती. आई चिडली होती, "अठ्ठेचाळीस! लोक म्हणतील मी उपाशी ठेवते." आणि अंपारो म्हणाली होती, "ओली करून मोज, पन्नास भरेन."

ओरालियाला मी यातलं काही सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी एका खांबाआड उभा राहिलो. आई बाकाच्या टोकावर, जाळीला टेकून बसली होती. ती प्रार्थना करते असं मी इतकी वर्षं समजत होतो. ती बोलत होती. शेजारणीचा कुत्रा, भोपळ्याची फुलं कशी महाग झाली, कुणाचं लग्न मोडलं. मध्येच थांबायची, कान द्यायची, आणि टेलिफोनवर हसतात तशी हसायची. जाळीपलीकडे धूळ, उन्हाचा एक पट्टा आणि रिकामी जमीन.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुणाशी बोलत होतीस?"

"देवळात माणूस कुणाशी बोलतो?" ती म्हणाली. "टाको खाल्लेस का? की त्या ओरालियाला दिलेस?"

मी तो विषय पुन्हा काढला नाही. खरं सांगायचं तर मला त्या रेघेची सवय लागली. गुरुवारी एकच्या सुमाराला मी पडद्यासमोर बसायचो. रेघ खाली उतरली की छातीत काहीतरी हलकं व्हायचं. मी विज्ञानाचा माणूस. मी ओरालियाला सांगितलं की दुपारच्या उन्हाने दगड प्रसरण पावतो. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हो, पावत असेल."

नोव्हेंबरमध्ये आई स्वयंपाकघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, हाड सांधेल, पण चालणं विसरा. दिवसा शेजारची सोकोरो तिच्याजवळ बसू लागली. रात्री मी.

पहिल्या गुरुवारी एक वाजून दहा मिनिटांनी रेघ उतरली. दोनला वर आली नाही. सहाला दारं बंद होतात, तेव्हाही ती खालीच होती. आठच्या सुमाराला कधीतरी सरळ झाली.

दुसऱ्या गुरुवारी ती उतरली, ती शुक्रवारी सकाळी वर आली.

तिसऱ्या आठवड्यात बुधवारीच उतरली. शनिवारपर्यंत खालीच राहिली. एकतीस भाग. जराही हालचाल नाही. कुणी पायांवरचा भार बदलतं तेव्हा रेघ थरथरते, हे मला ठाऊक होतं. ती थरथरतही नव्हती. आईने सांगितलं होतं ना, मी येईपर्यंत हलायचं नाही.

घरी आईने अन्न सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. "आज कुठला वार?" एवढंच विचारायची.

"मंगळवार."

"खोटं बोलतोस."

चौथ्या गुरुवारी मी कामावरून उठलो आणि आईच्या बाकावर जाऊन बसलो. आजूबाजूला जपानी प्रवाशांचा घोळका होता. त्यांच्यातली एक बाई छताचे फोटो काढत होती. ते पुढे सरकेपर्यंत मी थांबलो. लाज वाटत होती. पंचेचाळीस वर्षांचा टकला माणूस, गळ्यात ओळखपत्र, आणि जाळीला तोंड लावून बोलतोय.

"अंपारो," मी म्हणालो. "आई पडलीय. तिला आता येता येणार नाही."

काही झालं नाही. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती.

"आम्ही आता पोर्तालेसला राहतो. भुयारी रेल्वेने ये, निळी गाडी, तास्केन्याच्या बाजूची. बाहेर पडलीस की बाजार लागेल, त्याच्या मागची दुसरी गल्ली. निळं दार, शेजारी चप्पल शिवणाऱ्याचं दुकान आहे." मग माझ्या लक्षात आलं, ती गाडी कुठून जाते. "वाटेत तुझं स्टेशन लागेल. सान अँतोनिओ आबाद. तिथे उतरू नकोस. खिडकीबाहेरही बघू नकोस. पुढे ये."

मी कचेरीत परतलो तेव्हा ओरालिया पडद्यासमोर उभी होती. हात पुसत होती, कोरडेच.

"उठली बघ तुझी फरशी," ती म्हणाली. "दीडला. दहा मिनिटं झाली."

त्यानंतर एकसष्ट नंबरची रेघ सरळ आहे. आजपर्यंत.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तर आई उशीला टेकून बसली होती. सोकोरो म्हणाली, दोन वाट्या सूप प्यायली, वर अजून मागितलं. आईचे गाल लाल होते. तिने मला पलंग भिंतीपासून ओढायला लावला.

"कशाला?"

"दोन्ही बाजूंनी जागा हवी," ती म्हणाली.

डिसेंबर गेला. आई गोड दिसू लागली. कॅथेड्रलचं नाव नाही, वाराची चौकशी नाही. मी आत आलो की मात्र तिचं बोलणं थांबायचं. मी खोलीत असेपर्यंत ती माझ्या खांद्यावरून मागे बघत राहायची, घाईघाईने उत्तरं द्यायची, आणि मी बाहेर पडलो की पुन्हा कुजबुज सुरू. दाराआड मी तासन् तास उभा राहिलो आहे. ऐकू यायचा तो फक्त आईचाच आवाज. पण मी खूश होतो. मी आणलं होतं तिला. आज ना उद्या मलाही काहीतरी दिसेल, निदान ऐकू येईल, असं मला वाटत होतं. मी अंपारोसाठी चिंचेच्या गोळ्या आणून टेबलावर ठेवायचो. त्या तशाच राहायच्या.

जानेवारीत एका रविवारी मी आईला चमच्याने भरवत होतो.

"रोहे, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग ना."

"दार वाजवून येत जा, बाळा."

"माझ्याच घरात?"

"ती दचकते." आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. "परवा विचारत होती, हा टक्कल पडलेला माणूस कोण? सारखा आत-बाहेर करतो, खोलीबाहेर उभा राहतो, म्हणाली. भीती वाटते."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला.

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, भाडेकरू आहे. भला माणूस आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"खरं का नाही सांगितलंस?"

आईने चमचा माझ्या हातातून काढून वाटीत ठेवला. "ती तुझी वाट बघते रे," ती हळूच म्हणाली. "रोज विचारते, रोहे कॉलेजातून अजून कसा आला नाही. तुझ्यासाठी अंडं बाजूला काढून ठेव म्हणते. तिला मी काय सांगू? पंचवीस वर्षं झाली म्हणून सांगू? मग ती विचारेल, इतकी वर्षं मी कुठे होते. काय उत्तर देऊ?"

मी दार वाजवून येऊ लागलो.

पण एकदा राहवलं नाही. फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. मी मिशी काढली, कपाटातून कॉलेजातला जुना स्वेटर काढला. तो पोटावर बसत नव्हता. आईच्या खोलीबाहेर उभा राहून मी म्हणालो, "अंपारो, मी आहे. मी रोहे. आलो कॉलेजातून."

आतली कुजबुज थांबली.

मी वाट पाहिली. मग आईचा आवाज आला, असा कधी ऐकला नव्हता. "जा इथून! जा म्हणते ना!"

सकाळी आईचे डोळे सुजलेले होते. "रात्रभर रडली ती," आई म्हणाली. "म्हणते, त्या माणसाने रोहेचा स्वेटर घातलाय. रोहेचं काय केलं त्याने?"

मी स्वेटर देऊन टाकला.

मार्चच्या शेवटी आईच्या खुब्याचा एक्स-रे काढायचा होता. सोकोरो आणि तिचा जावई तिला चाकांच्या खुर्चीतून घेऊन गेले. मी ते विसरलो होतो. काम लवकर आटपलं म्हणून चारलाच घरी आलो. सवयीने दार वाजवलं. मग आठवलं, घरात कुणी नाही.

मी किल्ली कुलपात घातली. फिरवली. दार बोटभर उघडलं.

आतून ते हलकेच लोटलं गेलं. जोरात नाही. झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं, तसं. आणि कडी सरकली.

मी कपाळ दाराला टेकवलं. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. लाकडाच्या दुसऱ्या बाजूला. हात लांब केला असता तर खांदा लागला असता.

मी किल्ली काढून घेतली. पायरीवर बसून राहिलो.

पाचच्या सुमाराला आई आली. खुर्ची दारापुढे थांबली. आईने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"बाळा," ती म्हणाली, "तू जरा त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन ये."

मी गेलो. चप्पलवाल्याच्या दुकानापलीकडे उभा राहिलो. तिथून मागे वळून पाहिलं. सोकोरो मान खाली घालून पिशवीत किल्ल्या चाचपत होती. तिला त्या सापडायच्या आधीच दार उघडलं. आधी चार बोटं, कोण आलंय ते बघायला उघडतात तसं, आणि मग सताड.